गरोदरपणी व बाळंतपणी त्वचेची काळजी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मांजलपूर येथे भरलेल्या महिला-सभेतील व्याख्यान)



आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. शाळेत विज्ञान शिकविणारे. तेव्हा शेवटचा शब्द डॉक्टरांचा, हे आरंभीच कबूल करतो. विषय महिला विभागाने सुचविला: "बाजारातील क्रीमे नकोत, पोटात मूल असताना आणि अंगावर पाजताना घरचे, नैसर्गिक असे काय लावावे?" बंधूंनी कृपा करून उठून जाऊ नये. हळद, तेल, मेंदी बहुधा तेच बाजारातून आणतात.

प्रथम घरचीच एक गोष्ट सांगतो. आमची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा महिना संपत आला आणि तिला खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, लाली नाही. पण रात्र झाली की तळहात व तळपाय असे खाजत की झोप लागेना. आम्ही सर्वांनी मिळून निदान केले: पोट ताणले आहे, कातडी कोरडी पडली आहे. कोणी खोबरेल चोळले, कोणी कडुनिंबाचा पाला वाटून लावला. पंधरा दिवस असे गेले. नेहमीच्या तपासणीला गेल्यावर एका नर्सबाईंनी सहज विचारले, "रात्री तळवे खाजतात का?" आणि धावपळ सुरू झाली. रक्त तपासले. खाजेचे मूळ यकृतात होते. पित्ताचा प्रवाह मंदावून पित्ताम्ल रक्तात साठत होते. असे झाले असता आईला फारसा धोका नसतो. परंतु पित्ताम्ल फार वाढल्यास मूल पोटातच दगावण्याचा संभव असतो. डॉक्टरांनी वेळेवर बाळंतपण उरकले. ते मूल आज शाळेत जाते. परंतु त्या पंधरा दिवसांत आम्ही शिकलेली माणसे पाला वाटीत बसलो होतो, हे आम्ही विसरलेलो नाही.

कडुनिंबाने अपाय केला नाही. त्याने आमचे पंधरा दिवस घेतले. घरगुती उपायाचा हा पहिला धोका. म्हणून पुरळ नसलेली, रात्री वाढणारी, तळहात-तळपायांची खाज दिसली की वाटी-वरवंटा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरा धोका खुद्द वस्तूचा. "नैसर्गिक" या शब्दाने आपण निःशंक होतो. पण शिसे नैसर्गिक आहे, पाराही नैसर्गिक आहे. आमच्याच घरापासून आरंभ करतो, म्हणजे कोणास राग येऊ नये. आमच्यांत सुरम्याला आदराचे स्थान आहे. नवजात बाळाच्या डोळ्यांत आमच्या दादी मोठ्या मायेने सुरमा घालीत. परंतु बाजारात सुरमा म्हणून जो दगड कुटून विकला जातो तो पुष्कळदा गॅलिना, म्हणजे शिशाचे खनिज असतो. काही नमुन्यांत निम्म्याहून अधिक वजन शिशाचेच भरले आहे. बाळ डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते. शिसे आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचते व वाढत्या मेंदूस इजा करते. त्याचे निर्धोक असे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेस माहीत नाही. तेव्हा श्रद्धा मनात ठेवावी, सुरमा डबीत ठेवावा. तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळात शिसे नसेल; पण काजळी आणि बोट यांबरोबर जंतू डोळ्यांत जातात. दृष्टीसाठी तीट लावायचीच तर बाळाच्या तोंडाशी पोहोचणार नाही अशा जागी लावावी.

आता हळद. डाळीचे पीठ, साय व चिमूटभर हळद यांचे उटणे आईने अंगास लावण्यास हरकत नाही. मात्र रंग खुलावा म्हणून दळलेल्या हळदीत शिशाचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, मिसळल्याची उदाहरणे आपल्या देशात व बांगलादेशात सापडली आहेत. म्हणून हळकुंडे आणावीत व घरी दळावीत. तीच हळद दुधात व भाजीत जाते, हेही ध्यानात असावे.

ओटीभरणाला, सीमंताला, गोदभराईला मेंदी हवीच. पाल्याची मेंदी तास-दोन तासांनी तांबूस उतरते. जी अर्ध्या तासात काळीभोर रंगते तिच्यात केसांच्या कलपातले पीपीडी असण्याचा संभव असतो व त्याने कातडीस फोड येतात. बाळाच्या हातापायांना तर शुद्ध मेंदीही लावू नये. आपल्या देशातील काही समाजांत जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात उणीव आढळते. अशा बाळाच्या रक्तपेशी मेंदीने फुटतात व कावीळ होते. बाळाची झबली-दुपटी ज्या पेटीत असतात तिच्यात डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, त्याचेही कारण हेच.

मुलतानी माती चेहऱ्यास लावून धुऊन टाकली तर विशेष बिघडत नाही. परंतु माती खाण्याचे डोहाळे लागले तर ते हसण्यावारी नेऊ नयेत. मातीत शिसे व सोमल असू शकते, आणि अशी इच्छा पुष्कळदा शरीरातील लोहाच्या कमतरतेची खूण असते.

भगिनींना ज्याची खरी काळजी असते ते पोटावरच्या रेघा व गालावरचे वांग. रेघांविषयी स्पष्ट बोलतो. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने ८०० स्त्रियांवरील ६ प्रयोग पडताळून पाहिले. लेप वा तेल लावल्याने या रेघा टळतात असा पुरावा मिळाला नाही. तेल चोळल्याने खाज शमते, जिवास बरे वाटते. तेवढ्यासाठी खोबरेल पुरेसे आहे, महागडी बाटली नको. वांग उन्हाने गडद होते; पदर, ओढणी, छत्री आणि जस्ताचे मलम हे त्याचे उपाय. बाळंतपणानंतर ते बहुधा फिके होते. घाईने गोरे करणारी क्रीमे मात्र घरात आणू नयेत. त्यांपैकी काहींत पारा सापडला आहे. पाऱ्याने जपानमधील मिनामाता गावात काय अनर्थ केला ते १९५६ साली जगापुढे आले. पुढे २०१३ साली त्याच गावाच्या नावाने झालेल्या करारात पारा घातलेली प्रसाधने बंद करण्याचे ठरले. तरी लेबल नसलेल्या डब्या विकल्या जातातच. पारा गर्भास व आईच्या दुधासही पोहोचतो. मुरुमांवरची रेटिनॉइड जातीची औषधेही गरोदरपणी वर्ज्य समजावीत.

बाळंतिणीस चिरा पडल्या म्हणजे घरोघरी मलमांची चर्चा चालते. चिरा बहुधा बाळ नीट तोंड लावीत नाही म्हणून पडतात. तेव्हा प्रथम नर्सबाईंकडून बाळ धरण्याची रीत शिकावी. साबण लावू नये, साधे पाणी पुरे. पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्यावेत. तेथे लावलेले सर्व बाळाच्या पोटात जाते, हे विसरू नये. लाल गाठ व ताप आला तर डॉक्टरांकडे जावे. पाजणे मात्र सहसा थांबवू नये. आणि बाळंतिणीच्या खोलीत धुरी नको. कोवळ्या फुप्फुसांना धूर सोसत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कांतीचे तेज अर्धे ताटातून येते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्या घरी केशराच्या डबीला पैसे निघतात त्या घरी सुनेच्या लोहाच्या गोळ्या चुकू नयेत. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस त्या घ्यावयाच्या असतात व सरकारी केंद्रात फुकट मिळतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. सासूबाईंनी त्या दिवशी सुनेबरोबर जावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे. आमच्यांत चाळीस दिवसांचा चिल्ला, तुमच्यांत सव्वा महिना; दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांनी बाळंतिणीस विसाव्याचा हक्क दिला, हे त्यांचे मोठेच शहाणपण. ते पुढे चालवावे. सुरमा आणि धुरी तेवढी मागे ठेवावी.

याच बडोद्याच्या राज्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलींनाही त्यात घेतले. आज आपल्या घरची प्रत्येक मुलगी वाचू शकते. तिने डबीवरचे लेबल वाचावे, लेबल नसेल तर डबी परत करावी, आणि खाज, ताप, सूज यांविषयी न लाजता विचारावे. आमच्या बहिणीचे मूल एका प्रश्नाने वाचले. तो प्रश्न यापुढे आपल्या प्रत्येक घरात विचारला जावा.