बोटाच्या इशाऱ्यावर वळणारा आरसा



हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात एका अखंड लाकडातून कोरलेली दुहेरी मूर्ती आहे. समोरून पाहणाऱ्यास उद्दाम मुद्रेचा मेफिस्टोफिलीस दिसतो. त्याच्याच पाठीवर खाली मान घातलेली मार्गारेटा कोरलेली आहे. मूर्तीच्या मागे आरसा ठेवलेला असल्याने प्रेक्षकाला जागचे न हलता दोन्ही रूपे दिसतात. तो आरसा काढून घेतला तर मार्गारेटा तेथे असूनही नसल्यासारखी होईल. जे पाठीमागे आहे पण डोळ्यांना दिसत नाही, ते समोर आणून ठेवणे, हे आरशाचे फार मोठे उपकारक कार्य होय.

मोटारीच्या दोन्ही अंगांना लावलेले आरसे हेच कार्य करतात. मात्र संग्रहालयातील मूर्ती स्थिर आहे, तिचा आरसाही स्थिर आहे. मोटारीत तसे नसते. चालक उंच असो की ठेंगणा, आसन पुढे असो की मागे, डोळ्यांची जागा बदलली की आरशातील दृश्य बदलते. म्हणून मोटारीचा आरसा वळता असावा लागतो. आणि तो चालकाला जागेवरून न उठता वळवता यावा, या गरजेतून विजेवर चालणाऱ्या आरशाचा जन्म झाला. त्याची रचना आणि त्याचे नियंत्रण हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वाङ्मयाच्या मंदिरात हा विषय कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु याच शहरात १९१७ साली उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतर विभाग स्थापन झाला तो आधुनिक विद्या देशी भाषेत आणण्यासाठीच. दाराला लावलेल्या यंत्राचे मर्म मातृभाषेत सांगता येऊ नये, असे मुळीच नाही.

प्रथम थोडा इतिहास. १९०९ साली डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकात, मागचे पाहण्यासाठी हातआरसा जवळ बाळगावा, असा सल्ला दिला होता. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथील पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत इतर स्पर्धक मागचे पाहण्यासाठी सोबत एक यांत्रिक बसवून निघाले. रे हॅरून एकटाच निघाला आणि त्याने गाडीवर आरसा जडवला. ती शर्यत त्याने जिंकली. गंमत अशी की, विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरत होता की त्यात फारसे काही दिसलेच नाही, अशी कबुली त्याने पुढे दिली. आरसा वळता हवा, पण वळवल्यावर ढळता कामा नये, ही अडचण त्या पहिल्याच दिवशी पुढे उभी राहिली होती.

त्याच सुमारास, १९१२ साली, निजामासाठी बांधलेली रोल्स-रॉइस मोटार आज चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली, परंतु ती येण्यापूर्वीच १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. तीत मागे सिंहासनासारखे उंच आसन आहे. अशा मोटारीत बसणाऱ्यास मागचे पाहण्याची चिंता नव्हती; ती चिंता नोकराची. आज मोटारीचा मालकच बहुधा तिचा चालक असतो आणि मागचे पाहण्याची जबाबदारीही त्याचीच असते.

आता यंत्राकडे वळू. बाहेरच्या आरशाची काच एका पट्टीवर चिकटवलेली असते आणि ती पट्टी मधोमध एका गोलाकार सांध्यावर टेकलेली असते. खांद्याचा सांधा जसा सर्व दिशांना फिरतो, तसाच हा. या मध्यबिंदूपासून दूर, एक वर किंवा खाली आणि एक बाजूला, अशा दोन ठिकाणी दोन लहान दांडे पट्टीला मागून जोडलेले असतात. पहिला दांडा पुढे सरकला की काच वरखाली कलते. दुसरा सरकला की डावीउजवीकडे वळते. दोन दांडे एवढ्यावर सर्व दिशा साधतात.

प्रत्येक दांड्यामागे एक चिमुकली विद्युतमोटर असते. ती वेगाने फिरते, पण तिच्यात जोर फार नसतो. म्हणून तिच्या आसावर मळसूत्रासारखे दाते असतात आणि त्यांत एक मोठे दातेरी चाक अडकवलेले असते. मोटरचे अनेक फेरे झाले तेव्हा कोठे ते चाक थोडे फिरते. वेग कमी होतो आणि जोर वाढतो. या चाकाच्या पोटात आटे असतात आणि त्यांतून आटे पाडलेला दांडा पुढेमागे सरकतो. या मळसूत्री जोडणीचा आणखी एक गुण आहे. मोटर चाक फिरवू शकते, परंतु चाक मोटरला फिरवू शकत नाही. त्यामुळे वाऱ्याचा दाब आला, रस्त्यावर गचके बसले, तरी काच आपली जागा सोडत नाही. हॅरूनच्या अडचणीवर यंत्रशास्त्राने शोधलेल्या उपायांपैकी हा एक.

काच शेवटच्या टोकाला पोहोचली आणि चालकाने बटण तसेच दाबून धरले, तर काय? मोटर जळू नये म्हणून दांड्याभोवतीची पकड स्प्रिंगसारखी लवचीक ठेवलेली असते. टोक आले की ती आट्यांवरून घसरते आणि कट्‌कट् असा आवाज येतो. त्या आवाजाने पुष्कळजण दचकतात. वस्तुतः तो बिघाड नसून मर्यादा आल्याची सूचना आहे.

नियंत्रणाची युक्ती याहूनही सुबक आहे. या मोटरमधील चुंबक कायमचा असतो; म्हणून वीजप्रवाहाची दिशा उलटवली की मोटरही उलट फिरते. दोन मोटरींना प्रत्येकी दोन, अशा चार तारा लागाव्यात, असे वाटते. प्रत्यक्षात तीन पुरतात. एक तार दोघींना समाईक असते आणि उरलेली एकेक तार एकेकीची स्वतंत्र. समाईक तारेला बारा व्होल्टांच्या बॅटरीचे धन टोक आणि पहिल्या मोटरच्या तारेला ऋण टोक जोडले, तर काच समजा वर जाते. जोडणी उलटवली की खाली येते. दुसऱ्या मोटरची तार त्या वेळी मोकळी असते, म्हणून ती स्वस्थ राहते. चालकाच्या हाताशी असलेले चार दिशांचे बटण केवळ ही अदलाबदल करते. शेजारचा खटका डावा की उजवा आरसा हे ठरवतो. तो मधल्या जागी असला की बटण दाबूनही काही हलत नाही, म्हणजे चुकून हात लागून आरसा बिघडत नाही.

काही मोटारींत आरसा मिटण्यासाठी तिसरी मोटर असते. काचेमागे उष्णता देणारा पातळ पापुद्रा असला तर पावसाळ्यात काचेवर धरलेले धुके नाहीसे होते. काही आरसे रात्री मागच्या दिव्यांचा झोत पडताच आपोआप काळवंडतात; त्यांच्या दोन काचांमधील द्रव्य अल्पशा विद्युतदाबाने रंग बदलते. ज्यांत स्मरणाची सोय असते त्यांत प्रत्येक दिशेला एक मापक बसवलेला असतो. काच किती कलली आहे, हे तो विद्युतदाबाच्या रूपाने कळवतो आणि नियंत्रक ते मूल्य जपून ठेवतो. पुढे बटण दाबताच साठवलेले आणि प्रत्यक्ष मूल्य जुळेपर्यंत मोटर चालवली जाते. अलीकडच्या कित्येक गाड्यांत तर बटण थेट मोटरला वीज देतच नाही. ते दारातील नियंत्रकाला केवळ संदेश देते. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजात वाजवलेली टाळी वर बालाहिसारवर ऐकू जाते आणि पुढची हालचाल वरचा पहारा करतो, तसाच हा प्रकार.

ही केवळ चैन आहे काय? ज्या घरी एकच मोटार सासरे आणि सूनबाई दोघेही चालवतात, त्या घराचा विचार करावा. सासरे उंच, सूनबाई ठेंगण्या. सकाळी त्या गाडीत बसतात तेव्हा आरशात त्यांना आकाश तरी दिसते किंवा स्वतःच्या गाडीचे दार. उजवा आरसा हाताने वळवता येतो; डावा मात्र हात पुरणार नाही इतका दूर. खाली उतरा, वळवा, पुन्हा बसा, पाहा, पुन्हा उतरा. दोन दिवस हे होते. तिसऱ्या दिवशी घाई असते आणि डावा आरसा तसाच राहतो. कोठीच्या चौकात नेमकी डावीकडूनच दुचाकी येते. तीवर बहुधा दोघे असतात, कधी पुढे एक मूलही उभे असते. येथे बटण ही चैन राहत नाही.

आरसा किती नेमका लावावा लागतो, हे साध्या गणिताने कळते. आरसा एक अंश वळला तर परावर्तित किरण दोन अंश वळतो. म्हणजे वीस मीटर मागे असलेल्या जागी दृष्टी सुमारे सत्तर सेंटीमीटर सरकते, आणि दुचाकीची रुंदी साधारण तेवढीच असते! एका अंशाच्या चुकीने एक माणूस दृश्यातून नाहीसा होऊ शकतो. शिवाय बाहेरचा आरसा बहुधा बहिर्वक्र असतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याच्या वक्रतेची त्रिज्या किमान १२०० मिलिमीटर असावी लागते. एवढ्या वक्रतेच्या आरशात वीस मीटरवरील वाहन सपाट आरशापेक्षा निम्म्याहूनही लहान दिसते. क्षेत्र अधिक दिसते, पण जवळचे दूर भासते. आरशात लांब दिसणारी गाडी खरोखरी जवळ आलेली असते, हे सतत स्मरणात ठेवावे. भारतात आरशांचे गुणधर्म आणि त्यांची बसवणूक यांसाठी एआयएस-००१ आणि एआयएस-००२ ही मानके आहेत. ही मानके पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडून प्रसिद्ध होतात.

आरसे लावावेत कसे? पुष्कळांना दोन्ही आरशांत आपल्याच गाडीची कड पाहण्याची सवय असते. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने १९९५ साली दुसरी रीत मांडली. आपल्याकडील उजव्या चालकासनासाठी ती अशी: डोके उजव्या खिडकीच्या काचेपर्यंत न्यावे आणि गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवावा, मग डोके गाडीच्या मध्यापर्यंत आणून डावा आरसा तसाच लावावा. सरळ बसल्यावर आपली गाडी दिसत नाही, पण शेजारची मार्गिका दिसते. ही रीत डोके इकडेतिकडे नेऊन आरसा हलवण्यास सांगते. विजेच्या बटणाशिवाय ती एकट्याने करणे अवघडच. मात्र आपल्या रस्त्यांवर दुचाकी गाडीला अगदी खेटून येतात. म्हणून वळण्यापूर्वी मान वळवून पाहणे कोणत्याही रीतीने टळत नाही.

बिघाड ओळखण्याच्या काही खुणाही सांगण्याजोग्या आहेत. दोन्ही आरसे एकदम बंद पडले, तर फ्यूज किंवा बटण तपासावे. एकच आरसा सर्व दिशांना निश्चल झाला, तर दाराच्या बिजागरीपाशी तार तुटली असण्याचा संभव असतो. दार उघडता-मिटता ती तार रोज वाकते. एकच दिशा गेली, तर त्या दिशेची मोटर किंवा तिची तार पाहावी. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर दाते झिजले असावेत. आणि विजेवरची काच हाताने जोर लावून ढकलू नये.

२०१८ साली जपानमध्ये लेक्सस ईएस या मोटारीत काचेच्या जागी कॅमेरे आणि आतील पडदे आले. उद्या आरशाची काचच राहणार नाही, असेही होईल. तरीही एक गोष्ट उरणारच. आजही बेगम बाजारच्या किंवा सुलतान बाजारच्या गल्लीत शिरताना आरसे मिटून घेणारे चालक दिसतात. ते योग्यच, गल्लीच तेवढी अरुंद. पण गल्ली संपल्यावर ते उघडण्याचे राहून जाते आणि तशीच मिटल्या कानांची मोटार हमरस्त्याला लागते. दोन मोटरी, तीन तारा आणि चार दिशांचे बटण हे सारे सज्ज असते. फक्त एका बोटाचे काम राहिलेले असते. यंत्र आरसा वळवू शकते. त्यात पाहण्याचे काम ते करू शकत नाही.

शंभर वर्षे या ग्रंथालयाने येथील मराठी माणसाला मागचे दाखवले, ते पुढची वाट नीट चालता यावी म्हणून. तेथील कपाटेही कोणी उघडली तरच काही दाखवतात. घरी जाताना आपापल्या गाडीत बसल्यावर, किल्ली फिरवण्याच्या वेळी, दोन क्षण थांबून दोन्ही आरसे पाहावेत, एवढीच विनंती. मागून येणाऱ्या दुचाकीवर कोणाचे तरी घर बसलेले असते.