लाल दोरा, पांढरी मॅटी

मी सोयगावहून बोलतेय. आज जरा गळा बसलाय, समजून घ्या. मागच्या भागात मॅटी कशी मोजायची आणि फुलीचा टाका कुठून सुरू करायचा हे आपण बघितलं. त्यावर एका ताईंनी विचारलं, "लाल दोऱ्याचा रंग जातो का हो? बाळाच्या दुपट्याला वापरू का?" एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण या लाल दोऱ्याने मला एकदा चांगलंच रडवलंय. तेव्हा आजचा अख्खा भाग दोऱ्यावरच.

माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, मे महिन्यात. रुखवतात ठेवायला मी मॅटीवर मोरांची जोडी भरायला घेतली. खाली नवरा-नवरीची नावं आणि चारही बाजूंनी दोन बोटं रुंद लाल किनार. पांढरी मॅटी, चौदा काउंटची, म्हणजे एका इंचात चौदा घरं. तीन महिने काम चाललं होतं. मोर झाले, नावं झाली, किनारीच्या अडीच बाजू झाल्या आणि लाल दोरा संपला. लग्नाला आठ दिवस राहिलेले.

आता सोयगावची गंमत तुम्हाला माहीत नसेल. जिल्हा संभाजीनगर, पण गाव घाटाच्या खाली, त्यामुळे बाजारहाटाला आमचे पाय जळगाव-पाचोऱ्याकडेच वळतात. चांगल्या कंपनीचा दोरा घ्यायचा तर जळगावला जावं लागतं. लग्नघरात जळगावला जायला कुणाला सवड? मग एका दुकानातून सुट्या लाल लड्या आणल्या. वर ना लेबल, ना नंबर. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग अगदी सेम वाटला. किनार पुरी केली.

तीन महिने हाताळून मॅटी मळली होती, पेन्सिलीच्या रेघाही दिसत होत्या. म्हणून बादलीत कपडे धुवायची पावडर टाकली, तुकडा भिजवला आणि भाकरी थापायला बसले. अर्ध्या तासाने बघते तर पाणी गुलाबी! मी घाबरून काय केलं असेल? तुकडा पिळला आणि मेच्या उन्हात दोरीवर टाकला. म्हटलं, वाळला की डाग फिका पडेल. वाळला तसा तो पक्का बसला. एक मोर अर्धा गुलाबी, एक कोपरा तर सगळाच.

इथे थांबून सांगते, कारण हे तुमच्याही बाबतीत होऊ शकतं. रंग उतरला तर तुकडा वाळू द्यायचा नाही. एवढं एक धरून ठेवा. ओला आहे तोवर सुटलेला रंग पाण्याबरोबर निघून जाऊ शकतो. थंड पाण्यात ठेवायचा आणि पाणी बदलत राहायचं, दहा वेळा, वीस वेळा, पाणी नितळ दिसेपर्यंत. रात्रभर ठेवावा लागला तर ठेवा. पिळायचं नाही, घडी घालायची नाही, इस्त्री तर नाहीच नाही. मी नंतर हे सगळं केलं, पण एकदा वाळून गेल्यावर. मोर बराचसा निघाला. कोपरा गुलाबीच राहिला.

लोक सांगतात, मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवा, रंग पक्का होतो. मीही बुडवलं होतं. सुती दोऱ्याला याचा उपयोग नाही. मीठ लागतं ते रंगवताना, रंग धाग्यात शिरावा म्हणून. रंगून झालेल्या कच्च्या दोऱ्याला मिठाने पक्केपणा येत नाही. व्हिनेगरसारखी आंबट वस्तू लागते ती लोकर किंवा रेशीम काही रंगांत रंगवताना. कापसाचं गणित वेगळं.

मग नवीन दोरा घेतल्यावर करायचं काय? गडद रंगांची परीक्षा आधीच घ्यायची. लाल, मरून, गडद निळा, काळा, जांभळा यांचा वीतभर तुकडा कापायचा. तुम्ही शेवटी ज्या साबणाने धुणार, तोच साबण घालून गरम पाण्यात भिजवायचा. मग जुन्या पांढऱ्या बनियनच्या ओल्या चिंधीत गुंडाळून वर तांब्या ठेवायचा. अर्ध्या तासाने चिंधी वाळवून बघायची. रंग लागलेला दिसला तर लडीला पांढऱ्या दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी सैल बांधून, म्हणजे गुंता होणार नाही, पाणी नितळ होईपर्यंत धुवायची. तरीही रंग सोडतेय? मग तो दोरा पांढऱ्यावर नको. दुपट्याबद्दल विचारणाऱ्या ताई, हे तुमचं उत्तर. बाळाचं दुपटं रोज धुतलं जातं, तेव्हा ही परीक्षा झाल्याशिवाय लाल दोऱ्याला हात लावू नका.

खरेदीचं थोडं सांगते. आपल्याकडे बहुतेक जणी अँकरचा दोरा घेतात. डीएमसी ही फ्रान्सची कंपनी, १७४६ सालापासूनची, तिचा दोरा जरा महाग पडतो. दोन्हींची लडी ८ मीटरची आणि दोरा सहापदरी. नंबर मात्र वेगळे. डीएमसीचा काळा ३१०, तर अँकरचा ४०३. नंबर जुळवायचे तक्ते मिळतात, पण ते जवळचा रंग सांगतात, तोच रंग नव्हे. म्हणून एका चित्रात अर्धा या कंपनीचा, अर्धा त्या कंपनीचा असं एकाच भागात करू नका. आणि नंबर तोच असला तरी रंगवण्याची खेप बदलली की छटेत फरक पडू शकतो. मोठा सलग भाग, किनार किंवा मागची भरणी असेल तर सगळ्या लड्या एकदम घ्या.

किती लड्या? चौदा काउंटवर दोन पदर घेतो आपण. एका लडीत ८ मीटर गुणिले सहा म्हणजे ४८ मीटर सुटा पदर, दोनपदरी केला तर २४ मीटर. गाठी-तुकड्यांची नासाडी धरून मी एका लडीला दीड हजार टाके धरते. माझ्या किनारीची घरं आधी मोजली असती तर आणखी दोन लड्या लागणार हे मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. मोजलीच नाहीत!

रंग नेहमी दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या दारात येऊन बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या. आणि तो चकचकीत "सिल्क" म्हणून मिळणारा दोरा असतो ना, तो बऱ्याचदा रेयॉन असतो. दिसतो छान, पण घसरतो, सुटतो आणि ओला झाला की कमजोर पडतो. पहिल्या कामाला नको. सुती दोऱ्याची चमक वेगळी. ती मर्सरायझिंगमधून येते, म्हणजे कापसाचं सूत कॉस्टिक सोड्यातून ताणून काढतात. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८४४ मध्ये सोड्याचा हा गुण शोधला, आणि सूत ताणून धरलं की चमक येते हे पुढे १८९० मध्ये होरेस लो यांनी दाखवलं. आमच्या शेतात चहूकडे कपाशी, आणि दोऱ्याची एक लडी आणायला मला एसटीने जळगाव गाठावं लागतं. असो.

कपाशीवरून आठवलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणी दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला जातात. वाळलेल्या बोंडाची टोकं लागून बोटं खरखरीत होतात, आणि मग दोऱ्याला नुसतं बोट लागलं तरी पदर उसवतो, तूस निघतं. त्या म्हणतात, "बाई, दोरा खराब आहे." दोरा चांगलाच असतो. रात्री झोपताना हाताला खोबरेल तेल चोळा, सकाळी हात साबणाने स्वच्छ धुवा, मगच कामाला बसा. तेलाचा हात मात्र दोऱ्याला लागता कामा नये. आणि दोरा हातभरच घ्या, कोपरापासून बोटांपर्यंत. लांब घेतला की शेवटचा भाग मॅटीतून शंभरदा जाऊन झिजतो. पदर सुटे काढायचे तेही एकेक करून. एक ओढला की बाकीचे गोळा होतात, घाबरू नका, सरळ होतात. मग दोन पदर परत जोडून सुईत घाला. टाका भरदार बसतो.

ठेवणीचं पटकन सांगते. पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळा आणि नंबर तिथेच लिहा, लेबल हरवतंच. पावसाळ्यात लोखंडी पेटीत ठेवू नका, गंजाचे डाग पडतात. सुईसुद्धा मॅटीत टोचून महिनाभर सोडू नका, त्याच कारणाने. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालता येतो, पण पातळ कापडाच्या पुरचुंडीत.

आणि ऊन. अजिंठ्याची लेणी आमच्या फर्दापूरपासून जवळ. तिथे चित्रांवर फ्लॅश मारू देत नाहीत हे तुम्ही बघितलंच असेल. तिथले रंग बरेचसे माती-दगडाचे, आपले दोरे तर त्याहून नाजूक. फ्रेम खिडकीसमोर लावली की रंग उडणारच, काच असली तरी.

तर रुखवताचं काय झालं? लग्नाच्या आदल्या दिवशी मांडणी करताना नणंदेने बघितलंच. म्हणाली, "वहिनी, इथं काय झालं गं?" मी सगळं खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. तिने अनारशांचा डबा उचलला आणि फ्रेमच्या त्या कोपऱ्यासमोर ठेवला. सगळ्यांनी मोरांचं कौतुक केलं.

भाचीने ती फ्रेम सासरी हॉलमध्ये लावलीय. मागच्या वर्षी गेले तेव्हा बघितलं, बरोबर पश्चिमेच्या खिडकीसमोर. कंपनीच्या लाल दोऱ्याच्या अडीच बाजू अजून लाल आहेत, माझ्या सुट्या लडीची दीड बाजू विटकरी झालीय. मी म्हटलं, "अगं, दुसऱ्या भिंतीवर लाव ना." ती म्हणाली, "मामी, तिकडे टीव्ही आहे."

पुढच्या भागात टाक्यांची मागची बाजू स्वच्छ कशी ठेवायची ते बघू. तोवर तुमच्याकडच्या गडद लड्या बाहेर काढा आणि ती चिंधीची परीक्षा करून बघा. कोणता रंग नापास झाला ते मला नक्की कळवा. येते मी.