सांगावयास लाजू नये असे दुखणे



इयत्ता आठवी-नववीच्या वर्गाला ज्याने बरीच वर्षे शिकविले आहे, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. एखादा चांगला खेळकर मुलगा अचानक खांदे पुढे झुकवून चालू लागतो, कवायतीच्या तासाला सबबी सांगतो, पोहावयास जाण्याचे टाळतो. त्याच्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी दुखरी गाठ आलेली असते, आणि ती जगात आपल्या एकट्यालाच आली आहे अशी त्याची समजूत असते. वास्तविक वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांना ती कमीअधिक प्रमाणात येते व बहुतेकांची वर्षा-दोन वर्षांत आपोआप जिरते. हे त्याला कोणी सांगत नाही. पुढे तिशीत किंवा साठीत त्याच्यावर संप्रेरकांचे औषध घेण्याची पाळी आली आणि तशीच गाठ पुन्हा उद्भवली, तर तो तेव्हाही तसाच गप्प राहतो. आज मला या मोठ्या माणसांविषयी बोलावयाचे आहे.

ईस्ट्रोजेन हे केवळ स्त्रियांचे संप्रेरक, ही समजूत प्रथम सोडून दिली पाहिजे. ते प्रत्येक पुरुषाच्या देहात असते, आणि त्याचा बहुतांश भाग पुरुषी संप्रेरकापासूनच, म्हणजे टेस्टोस्टेरॉनपासून, तयार होतो. हे रूपांतर ॲरोमॅटेज नावाचे एक विकर करते; त्याचा मोठा कारखाना म्हणजे आपल्या अंगावरील चरबी. साहजिकच बाहेरून टेस्टोस्टेरॉन जितके अधिक घ्यावे आणि पोट जितके सुटलेले असावे, तितके ईस्ट्रोजेनही अधिक. पौरुष वाढविण्यासाठी घेतलेल्या सुईने छातीवर स्त्रीसारखा उभार यावा, यात दैवाचा खेळ काही नाही. साधे रसायनशास्त्र आहे.

काचीगुड्याकडे राहणारा माझा एक जुना विद्यार्थी अशाच फेऱ्यात सापडला. व्यायामशाळेतील शिक्षकाच्या सल्ल्याने त्याने दंड भरण्यासाठी इंजेक्शने घेतली. चार महिन्यांत दंड भरले, पण डाव्या स्तनाग्राखाली गाठही आली. त्याच शिक्षकाने तिच्यावर ॲनास्ट्रोझोलच्या गोळ्या आणून दिल्या. हैदराबादेच्या मे महिन्यात हा गडी जाड बनियनवर सदरा घालून हिंडत होता. मला भेटला तेव्हा म्हणाला, "सर, बायकोलासुद्धा दाखवली नाही हो."

या गोळ्यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण सगळा घोटाळा येथे आहे. ॲनास्ट्रोझोल व लेट्रोझोल ही औषधे मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगासाठी आहेत. ती ॲरोमॅटेजला अडवितात, म्हणून ईस्ट्रोजेन उतरते. मग काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते हाडांत. १९९४ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची हकीकत प्रसिद्ध केली. जन्मजात दोषामुळे त्याच्या देहाला ईस्ट्रोजेनचा उपयोगच करून घेता येत नव्हता. टेस्टोस्टेरॉन होते, दाढी-मिशा होत्या. परंतु हाडांची टोके अद्याप जुळलेली नव्हती, उंची २०४ सेंटिमीटर झाली होती व वाढतच होती, आणि हाडे म्हाताऱ्या माणसासारखी विरळ झाली होती. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात असे दिसले, की ईस्ट्रोजेन दाबले असता पुरुषांच्या अंगावरील चरबी वाढते व कामेच्छाही मंदावते. तात्पर्य, ज्याला शत्रू समजून हा तरुण मारावयास निघाला होता, तो घरातलाच माणूस होता.

खरा इलाज याहून साधा असतो. ज्याला डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन दिले आहे (आणि वेगवेगळ्या दोन दिवशी सकाळी रक्त तपासून उणीव सिद्ध झाल्यावाचून ते देऊ नये), त्याचा डोस प्रथम पाहावा लागतो. मोठे इंजेक्शन लांब अंतराने देण्याऐवजी लहान मात्रा लवकर लवकर देता येते, किंवा कातडीला लावावयाचे मलम देता येते. वजन उतरविले तर कारखानाच लहान होतो. गाठ नवी व दुखरी असेल, तर टॅमॉक्सिफेन काही काळ देतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. येथे विलंब मात्र महाग पडतो. पहिल्या काही महिन्यांत ही गाठ औषधाने ओसरू शकते. साधारण वर्ष उलटले की ती आतून घट्ट तंतूंची बनते, आणि मग शस्त्रक्रियेवाचून जात नाही. व्यायामशाळेतील सुईबद्दल तर डोस कमी-जास्त करण्याचा प्रश्नच नाही. ती वृषणांचे स्वतःचे काम बंद पाडते, शुक्रजंतू घटविते आणि रक्त दाट करते. परंतु ती एकाएकी सोडल्यावरही देह पूर्वपदावर यावयास महिने लागतात, म्हणून सोडतानाही डॉक्टरांस सांगूनच सोडावी.

आता वडीलधाऱ्यांकडे वळू. लकडीकापुलाजवळ रेड हिल्स भागात, १९५५ साली स्थापन झालेले व नवाब मेहदी नवाज जंग यांचे नाव धारण करणारे कर्करोग रुग्णालय आहे. अशा रुग्णालयांत प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे वृद्ध येतात, आणि त्यांच्या बाबतीत गणित उलटे असते. हा कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले व त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून अनेक वर्षे या रोगावर ईस्ट्रोजेनच्याच गोळ्या देत. त्या स्वस्त होत्या, गुणही येई. परंतु रक्तात गुठळ्या होऊन हृदयविकाराने माणसे दगावत, हे साठीच्या दशकातील पाहणीत दिसून आले. आता बहुधा वृषणे काढतात किंवा काही महिन्यांनी एकदा इंजेक्शन देतात. त्याने ईस्ट्रोजेनही आटते. म्हणून अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, हाडे झिजतात. याउलट बायकॅल्युटामाइडची गोळी एकटीच दिली, तर टेस्टोस्टेरॉन अडते पण ईस्ट्रोजेन चढते, आणि स्तन दुखू लागतात. हे टाळता येते. गोळी सुरू करण्यापूर्वी स्तनांवर थोडे किरण देतात, अथवा जोडीला टॅमॉक्सिफेन देतात. मात्र ते आधी विचारले पाहिजे. वाढ झाल्यावर किरणांचा गुण फारसा येत नाही. लाजेपायी कर्करोगाचे औषधच परस्पर बंद करणारा वृद्ध मात्र स्वतःचा घात करून घेतो.

काही खुणा दिसल्यास वाट पाहत बसू नये. गाठ टणक, न दुखणारी व एकाच बाजूला असली, स्तनाग्रातून रक्त आले, काखेत गोळा लागला, तर लागलीच तपासून घ्यावे. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत सुमारे एक पुरुष असतो. ईस्ट्रोजेन घेणाऱ्याचा एकच पाय सुजला किंवा त्यास एकाएकी धाप लागली, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे जाताना घरातील सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात. स्पायरोनोलॅक्टोन, केटोकोनॅझोल यांसारख्या निराळ्याच रोगांच्या औषधांनीही अशी गाठ येते, आणि मद्याने यकृत बिघडलेल्यासही येते. आणखी एक. आपले पुरुष डॉक्टरांपुढे बसून "छातीत दुखते" एवढेच पुटपुटतात. मग हृदयाचा आलेख निघतो, तो निर्दोष ठरतो, आणि गाठ सदऱ्याखाली तशीच घरी परत येते. स्तन दुखतो, असे स्पष्ट म्हणावे. मराठी व्याकरणात तो शब्द पुल्लिंगीच आहे.