घरट्यापासून दूर



अध्यक्षीय भाषणात वर्षभराच्या कामाचा आढावा घेण्याची प्रथा आहे. तो आढावा कार्यवाहांनी घेतलाच आहे, त्यामुळे मी एकच मुद्दा मांडणार आहे. तो सभागृहातल्या काही जणांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. विणीच्या हंगामात घरट्यावर जाऊन फोटो काढणं आपण हौशी छायाचित्रकारांनी आता पूर्णपणे थांबवावं, असं माझं मत आहे.

आपलं पक्ष्यांवर प्रेम आहे आणि बहुतेकांचं ते लहानपणापासूनचं आहे. पण प्रेम असलं म्हणजे इजा होत नाही, असं पक्षिशास्त्राचा इतिहास सांगत नाही. ॲलन ह्यूम यांचं पक्ष्यांवरचं प्रेम कमी होतं असं कोण म्हणेल? त्यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात कातडी आणि अंडी मिळून ८० हजारांच्या आसपास नमुने होते. सालिम अलींची वाटचालही लहानपणी एअरगनने पाडलेल्या चिमणीपासून सुरू झाली, आणि पुढे संशोधनासाठी त्यांनी नमुने गोळा केलेच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पक्षी नेमका कोणता हे सिद्ध करायचं तर तो हातात असावा लागे, दुसरं साधन नव्हतं. ते साधन कॅमेऱ्याने दिलं. पक्ष्याचं काहीही न हिरावता त्याच्या असण्याचा पुरावा देता येतो, ही आपल्या छंदाची खरी प्रतिष्ठा आहे.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या खानदेशातलं आहे. रानपिंगळ्याचं वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केलं. १८८४ नंतर त्याचा विश्वासार्ह नमुना कुणालाच मिळाला नाही. १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला एक मिळवल्याचं रिचर्ड माइनर्ट्झहागन सांगत. पण पॅमेला रासमुसेन यांनी छडा लावला तेव्हा कळलं, की तो संग्रहालयातूनच लांबवलेला जुना नमुना होता आणि त्यावर नवं लेबल चढवलेलं होतं. ती खोटी माहिती बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. त्यांनी त्याचे फोटो काढले, चित्रीकरण केलं, आणि ११३ वर्षांनी पक्षी सापडल्याचं जगाने मान्य केलं. ज्याची ओळख मेलेल्या नमुन्यांवर झाली होती, तो परत सापडला तेव्हा गोळी झाडावी लागली नाही.

आता घरट्याकडे येऊ. घरट्यावरच्या छायाचित्रणाची परंपरा मोठी आहे हे खरं. इंग्लंडमधल्या कीर्टन बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचा फोटो घेतला तिथून ती सुरू होते. जवळ जाता यावं म्हणून या भावांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैलसुद्धा बनवला होता. आपल्याकडे सालिम अलींचे स्नेही लोक वान थो यांनीही लपणात तासन्‌तास बसून घरट्यांवर अप्रतिम कृष्णधवल चित्रं टिपली. पण ही सगळी मंडळी घरट्याकडे का वळली? कॅमेरे अवजड होते, काचेच्या प्लेटा आणि नंतरच्या फिल्मही मंद होत्या, लांब पल्ल्याच्या लेन्स जवळपास नव्हत्याच. फोकस आधी लावून ठेवायचा, तर पक्षी नेमक्या त्याच जागी परत परत यायला हवा, आणि अशी हमखास जागा म्हणजे घरटं. थोडक्यात, ती तंत्राची नाइलाजाने पत्करलेली अट होती. आज सहाशे मिलिमीटरची लेन्स हातात धरून चालता येते, अंधूक उजेडात चित्र स्वच्छ येतं, कॅमेरा उडत्या पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून धरतो. अट गेली तरी सवय राहिली, आणि सवयीला आपण परंपरा म्हणतो.

कोकणातल्या पावसाळ्याचं उदाहरण घ्या. तिबोटी खंड्या जूनमध्ये येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा करून वीण घालतो. जेमतेम १३ सेंटिमीटरचा पक्षी, पण रंग असे की त्याच्यासाठी लोक मुंबई-पुण्याहून पहाटे निघतात. दरडीसमोर ट्रायपॉड लागतात, आडव्या येणाऱ्या फांद्या छाटल्या जातात, बोगद्याच्या तोंडासमोर छानशी काटकी रोवली जाते. पिल्लांसाठी सापसुरळी किंवा खेकडा घेऊन नर-मादी आळीपाळीने येतात. सापसुरळीचं डोकं बाहेरच्या बाजूला धरलेलं असतं, म्हणजे पिल्लाच्या तोंडात ते आधी जावं. आत शिरण्यापूर्वी खंड्या काटकीवर क्षणभर थांबतोच, ती त्याची रीत आहे. पण चोचीत तीच सापसुरळी, तीच काटकी, आणि पहिल्या व शेवटच्या फोटोच्या वेळेत चांगली काही मिनिटं, असं असेल तर तो पक्षी आत जायला धजावत नाही आणि पिल्लं उपाशी आहेत एवढाच त्याचा अर्थ. ही वेळ कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेली असते. स्पर्धेत बक्षीस मिळालेलं चित्र अशा वेळी आपल्याच विरुद्ध साक्ष देतं. छाटलेल्या फांदीमुळे कावळ्याला घरटं दिसू लागलं, तर पुढचं आपण परतल्यावरच घडतं. ते आपल्याला कळतही नाही.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं.

यावर आक्षेप येतील. खुद्द सालिम अलींनी घरट्यांवर काम केलं नाही का? केलं. १९३० मध्ये किहीमला शिडीवर लपण करून ते सुगरणींच्या वसाहतीसमोर बसले. पण त्यांच्यापुढे प्रश्न होता, आणि एकेक नर अनेक माद्यांशी संसार कसा मांडतो हे त्या निरीक्षणातून कळलं. अभ्यासकाने रीतसर परवानगी घेऊन प्रश्न घेऊन जावं, माझी हरकत नाही. हजारभर लोकांनी आधीच काढलेला फोटो पुन्हा काढायला जाण्यात प्रश्न कुठला आहे? बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं तर काय, असंही कुणी विचारेल. तिथे पक्षी आपल्याकडे आला आहे. खिडकीआडून काढा एखादा फोटो आणि कुंडीला पाणी घालताना जपा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. माळरानं नांगरली जातात, पाणथळी बुजवल्या जातात, माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात. त्यापुढे चार छायाचित्रकारांचा उपद्रव तो केवढा? प्रमाणाने लहान आहे, मान्य. पण त्या मोठ्या नुकसानीविरुद्ध साक्षीला उभं राहायचं आहे ते आपल्यालाच. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयावर जाळ्यांत अडकलेल्या अमूर ससाण्यांची दृश्यं बाहेर आली. रोज १२ ते १४ हजार पक्षी मारले जात असल्याचा अंदाज होता. ते दृश्य पाहून देश हादरला, गावकऱ्यांनीही शिकारबंदीचा निर्णय घेतला, आणि पुढच्या वर्षी तिथे शिकार थांबली. साक्षीदाराचेच हात स्वच्छ नसतील, तर अशा चित्रांवर कोण विश्वास ठेवणार?

स्थानिक वाटाड्यांच्या पोटाचं काय, हा प्रश्न मी टाळणार नाही. घरटी दाखवून त्यांना हंगामात पैसे मिळतात आणि ते त्यांनी मिळवलेच पाहिजेत. पण मागणी आपली असते. भिगवणला हिवाळ्यात नावाड्यांचा व्यवसाय रोहित पक्ष्यांच्या घरट्यांवर चालत नाही. तिथेही थवा उडवून ‘फ्लाइट शॉट’ मिळवून देण्याचा आग्रह गिऱ्हाइकच धरतं. गिऱ्हाईक बदललं की नावाडीही नाव लांब ठेवेल.

मग काढायचं काय? नोंद म्हणून उपयोगी पडेल ते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि तो ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ईबर्डवर केलेल्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. शंकास्पद नोंद तपासताना तारीख-ठिकाणासह असलेला साधा, थोडा धूसर फोटोही निर्णायक ठरतो. आपल्या हार्ड डिस्कवर असे किती फोटो नुसते पडून आहेत!

म्हणून माझी विनंती नेमकी आहे. आपल्या स्पर्धा, प्रदर्शनं आणि दिनदर्शिका यांतून घरट्यावरचे फोटो यंदापासून वगळावेत, प्रत्येक प्रवेशिकेसोबत तारीख आणि ठिकाण मागावं, आणि दुर्मीळ पक्ष्यांचं ठिकाण आयोजकांनी गुप्त ठेवावं. समारोपाच्या सत्रात हा ठराव कार्यकारिणीने चर्चेला घ्यावा.