सड्यावरील हत्ती



अंबडच्या रहिवाशाला दगडाचे अप्रूप नाही. मत्स्योदरी देवीची टेकडी त्याच्या दारातच आहे आणि वेरूळची लेणी एका दिवसात पाहून परतता येते. वेरूळच्या इंद्रसभेत शिल्पे पाहताना मान वर करावी लागते. परंतु याच महाराष्ट्रात असेही शिल्पधन आहे, जे पाहण्यासाठी मान खाली घालावी लागते. ते म्हणजे कोकणातील कातळशिल्पे.

अंबडहून पुणे, कोल्हापूर व आंबा घाट या मार्गाने मोटारीने रत्नागिरी गाठता येते. घाटातील गर्द झाडी मागे टाकून प्रवासी राजापूर तालुक्यातील सड्यांवर येतो, तेव्हा दृश्यच पालटते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट, उघडे पठार. पावसाळ्यात तेथे रानफुले बहरतात. वैशाखात मात्र तोच सडा वाळवंटासारखा तापतो.

या ओसाड वाटणाऱ्या भूमीवर कशेळी येथे सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. त्याच्या देहरेषेच्या आत मासे, पक्षी, पशू अशा सत्तरांच्या आसपास आकृती आहेत. जणू एका विशाल देहाने साऱ्या जीवसृष्टीला आश्रय दिला आहे! बारसू येथे दोन वाघांमध्ये मानवाकृती उभी आहे. देवाचे गोठणे येथील शिल्पाजवळ होकायंत्राचा काटा भरकटतो. आज कोकणात नसलेले गेंडा व पाणघोडाही अभ्यासकांनी या चित्रांत ओळखले आहेत. शेतीचे चित्रण आढळत नसल्याने ही निर्मिती शिकारी व अन्नसंकलक मानवाची असावी, असा त्यांचा कयास आहे.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी गावोगाव पायपीट करून ही शिल्पे उजेडात आणली. २०२२ साली महाराष्ट्रातील आठ व गोव्यातील एक अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली.

तथापि यादीत नाव आल्याने दगड सुरक्षित होत नाही. लेणे डोंगरात असते, म्हणून ते दिसते. कातळशिल्प पायाखाली असते. चिरेखाण, रस्ता वा बांधकाम यांत ते नकळत नष्ट होते. उक्षी गावाने आपल्या हत्तीभोवती कुंपण घालून त्यास जपले, हा आदर्श अनुकरणीय आहे.

ज्यांनी हे कोरले, त्यांनी आपले नाव मागे ठेवले नाही. दात्याचे नाव पाटीवर नसले, तरी दानाचे मोल कमी होत नाही. त्या निनावी दानाचे रक्षण हेच त्याचे ऋण फेडणे होय. कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने सकाळच्या वा सायंकाळच्या तिरप्या उन्हात ही शिल्पे अवश्य पाहावीत. मात्र पाऊल जपून टाकावे.