गावाचं आयोडीन मोजताना

कांगडा खोऱ्यात 1956 साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाचा प्रयोग सुरू केला. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या या भागाचे त्यांनी तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ गेलं, तिसऱ्यात साधंच. सुरुवातीला तपासलेल्या दर दहा जणांपैकी जवळजवळ चौघांना गलगंड होता. सहाएक वर्षांनी पहिल्या दोन विभागांत हे प्रमाण निम्म्यावर, त्याहूनही खाली आलं. तिसऱ्यात काहीच फरक पडला नाही. 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला, आणि पुढे तिसऱ्या विभागालाही ते मीठ मिळालं. त्या मधल्या वर्षांत तिथली मुलं पुरेशा आयोडीनविना वाढली, हेही या यशासोबत सांगितलंच पाहिजे.

तेव्हा मोजमापाचं मुख्य साधन होतं डॉक्टरांची बोटं. गळा चाचपायचा, थायरॉइड ग्रंथी वाढली आहे का ते पाहायचं. पण आयोडीन मिळू लागलं तरी वाढलेली ग्रंथी ओसरायला वर्षं लागतात. म्हणजे गळा सांगतो तो बराचसा इतिहास. आज लोक काय खातात, ते लघवी सांगते, कारण पोटात गेलेलं नव्वद टक्क्यांहून अधिक आयोडीन लघवीवाटेच बाहेर पडतं.

ते मोजण्याची जुनी रीत अजूनही अनेक प्रयोगशाळांत चालते. नमुन्यात अमोनियम परसल्फेट घालून तो तासभर तापवतात, मग आर्सेनियस आम्ल आणि शेवटी पिवळ्या रंगाचं सेरिक अमोनियम सल्फेट घालतात. पिवळा रंग हळूहळू विरतो; आयोडीन जितकं जास्त, तितका लवकर. ठरलेल्या वेळी यंत्रावर उरलेला रंग मोजायचा, की आयोडीनचा हिशेब लागतो. लिटरमध्ये मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दशलक्षांश भाग, इतकं बारीक हे माप.

खरी गफलत यानंतर होते. सकाळी दोन तांबे पाणी प्यालेल्या मुलाचा नमुना पातळ, न प्यालेल्याचा दाट. आदल्या रात्री मासे खाल्ले की आकडा आणखी निराळा. त्यामुळे एका नमुन्यावरून एका मुलाबद्दल काहीच ठरवता येत नाही. त्यासाठी त्याचे दहाएक नमुने तरी हवेत. शेकडो मुलांचे नमुने एकत्र मांडले की मात्र हे चढउतार एकमेकांना बरेच सावरून घेतात. म्हणून सर्वेक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात साधारण तीस गावं-वस्त्या निवडतात आणि सगळ्या नमुन्यांचा मध्यक काढतात, म्हणजे निम्मे आकडे ज्याच्या वर आणि निम्मे खाली राहतात तो आकडा. शाळकरी मुलांत तो लिटरला 100 ते 199 मायक्रोग्रॅम असेल तर आयोडीन पुरेसं.

तरीही ‘शंभराच्या खाली इतके टक्के, म्हणजे इतकी मुलं आयोडीनपासून वंचित’ असं बिनदिक्कत छापलं जातं. हे चूक आहे. मध्यक उत्तम असला तरी कितीतरी सुटे नमुने शंभराच्या खाली असतातच.

लघवीच्या तपासणीच्या जोडीला मिठाचं मोजमापही लागतंच. घरात पोहोचेपर्यंत मिठात दशलक्ष भागांत किमान 15 भाग आयोडीन उरावं, असा आपला दंडक. आयोडीनविरहित खाण्याच्या मिठावरची देशव्यापी बंदी 2000 साली उठली आणि 2006 साली पुन्हा लागू झाली.

आणि मुलांचा मध्यक सगळ्या गावाला लागू होत नाही. गरोदरपणी आयोडीनची गरज वाढते, म्हणून गरोदर स्त्रियांचा मध्यक 150 ते 249 असावा लागतो. शाळेतला आकडा 120 आला की अहवालात समाधानाची नोंद होते. त्याच गावातल्या गरोदर बायकांचा आकडाही 120 असेल, तर त्यांना आयोडीन कमी पडतंय. त्यांचे नमुने वेगळे घेतले, तरच ते कळतं.