वशिल्याशिवाय दवाखाना



घरातलं माणूस अचानक आजारी पडलं आणि मोठ्या दवाखान्यात हलवायची वेळ आली, की गाडी बोलावण्याआधी आपण ओळखीचं कुणी आहे का ते बघतो. आमदारांचे पीए, नगरसेवकाचा माणूस, वॉर्डात कामाला असलेली मावसबहीण, कुणीही चालतं. पुढाऱ्यांनी हे कधीच हेरलंय. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले ‘आरोग्यदूत’ तुम्ही पाहिले असतीलच. खाट मिळवून देणं, बिल कमी करून देणं, योजनेत बसवून देणं, हे आता राजकारणातलं रीतसर खातं झालंय. त्यांना नावं ठेवायला मी आलेली नाही. ज्याच्या आईला रात्री दोन वाजता खाट मिळाली, त्याच्यासमोर वशिल्याची निंदा करून बघा!

पण सर्वांना आरोग्यसेवा मिळावी या मागणीसाठी गावोगाव जे स्वयंसेवक कार्यकर्ते तयार होतात, त्यांच्या शिबिरात पहिली झटापट याच सवयीशी होते. तिथे येणारी माणसं मुळात धावून जाणारी असतात. बचत गटाच्या ताई, निवृत्त गुरुजी, मोटरसायकल घेऊन कुणाच्याही मदतीला निघणारा तरुण. त्यांची अपेक्षा साधी असते : योजनांची माहिती द्या, चार साहेबांचे नंबर द्या, आम्ही लोकांची कामं करतो. नंबर द्यावेतच. मात्र तेवढंच दिलं, तर शिबिरातून आणखी एक चिठ्ठीबहाद्दर बाहेर पडतो. त्याच्या फोनमुळे एका आजींना खाट मिळते, आणि जिला कुणीच ओळखत नाही अशी दुसरी आजी रांगेत एक नंबर मागे सरकते.

मग शिकवायचं काय? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. सुरुवात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे राज्यपातळीवरचा समन्वय होता. काम वरवर पाहता किरकोळ. गावात बसून प्रश्नावली भरायची. नर्सताई गावात येतात का? रात्री बाळंतपणाला कुणी असतं का? औषध बाहेरून आणायची चिठ्ठी दिली का? पैसे मागितले का? उत्तरांवरून प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा.

गंमत अशी, की ही प्रश्नावली एकट्याने भरताच येत नाही. त्यासाठी बैठक घ्यावी लागते, आणि तीही बायकांना सोयीच्या वेळी, म्हणजे भाकऱ्या थापून झाल्यावर. तिथे एक जण दबक्या आवाजात सांगते, ‘माझ्याकडून पैसे घेतले.’ थोडा वेळ शांतता. मग कोपऱ्यातून दुसरी म्हणते, ‘माझ्याकडूनही.’ तोवर पहिलीला वाटत असतं, आपल्याच नशिबी आलं. कार्यकर्त्याने या क्षणी काय करावं, हे माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचं सार आहे. ‘काळजी करू नका, मी डॉक्टरांशी बोलतो,’ असं तो म्हणाला, की बैठक संपली. ‘आणखी कुणाकुणाला हा अनुभव आला?’ असं विचारून तो गप्प बसला, तर ती सुरू होते. गप्प बसणं शिकवायला फार वेळ लागतो, विशेषतः पुरुषांना.

दुसरा धडा, कोणत्या गोष्टीचा जाब कुणाला विचारायचा. आरोग्य केंद्रात औषध नसेल तर सगळा राग समोर बसलेल्या डॉक्टरवर निघतो. पण औषध खरेदीची किल्ली त्याच्या खिशात नसते. तामिळनाडूने या खरेदीसाठी १९९४ सालीच स्वतंत्र महामंडळ काढलं; आपल्याकडे खरेदी प्राधिकरणाचा कायदा व्हायला २०२३ उजाडलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. तो निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना लागू नव्हता, कारण ती वेगळ्या खात्याकडे. महापालिकेचे दवाखाने आणखी तिसरीकडे. पेशंटला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही, पण कार्यकर्त्याला पाठ हवं. पैसे मागणं, उद्धट बोलणं, हजर नसणं याचा जाब गावातच विचारायचा. रिकाम्या पदांचा जिल्ह्याला आणि मुंबईला. हे एकदा कळलं की चांगला डॉक्टर लोकांच्या बाजूने बोलू लागतो. त्यालाही औषधं हवीच असतात.

या सगळ्याची परीक्षा जनसुनवाईत होते. मांडव, समोर तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि माइकवर आयुष्यात पहिल्यांदा बोलणारी बाई. केसपेपर, औषधांची बिलं, तारखा आधीच लावून ठेवाव्या लागतात. बोलणारीची परवानगी घ्यावी लागते, तीही सासूसमोर नव्हे, एकटीला गाठून. अधिकाऱ्याने ‘चौकशी करू’ म्हटलं, की ‘किती तारखेपर्यंत?’ हे विचारायला माणूस ठरवून ठेवावा लागतो.

एवढ्याने सर्वांना आरोग्यसेवा मिळते का? एका केंद्राचा कारभार सुधारतो, कायदा होत नाही. कायद्यापर्यंत लोक कसे पोचतात, ते थायलंडने दाखवलं. तिथल्या १९९७ च्या राज्यघटनेने पन्नास हजार नागरिकांच्या सह्यांनी संसदेत विधेयक मांडण्याची मुभा दिली, आणि लोकसंघटनांनी सार्वत्रिक आरोग्य विम्यासाठी सह्या जमवल्या. पुढे सरकारनेही ३० बाटमध्ये उपचारांची योजना आणली. २००२ मध्ये कायदा झाला, आणि योजना चालवणाऱ्या मंडळात लोकसंघटनांच्या प्रतिनिधींना जागा मिळाल्या. सही मागायची म्हणजे दारात उभं राहून विधेयक समजावून सांगायचं. मला त्या मोहिमेतली ही बाजू मोठी वाटते.

आता एक अवघड गोष्ट, जिच्यावर शिबिरांत सहसा बोललं जात नाही. गावातल्या आरोग्याची सगळ्यात जास्त माहिती आशाताईंना असते. पण सरकारदरबारी त्या ‘स्वयंसेविका’, पगार नाही, मोबदला मिळतो. आणि त्या मोबदल्याचे कागद त्याच आरोग्य केंद्रातून पुढे जातात. त्यांना जनसुनवाईत माइक देऊन ‘बोला’ म्हणणं सोपं, झळ त्यांनाच लागते. त्यांच्याकडून माहिती घ्यावी, बोलावं दुसऱ्याने. आणि ही दुसरी व्यक्ती बहुतेक वेळा शेतमजुरी करणारी बाई असते. दोन दिवसांचं शिबिर म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली, वर एसटीचं तिकीट, वर घरी पोरांकडे कोण बघणार. सेवाभावाचं कौतुक करून हा खर्च तिच्याच पदरी घातला, की पुढच्या शिबिराला ती येत नाही. ज्यांचं पोट यावर अवलंबून नाही तेच येतात. तेव्हा जे शिबिराचं अंदाजपत्रक करायला बसतील, त्यांनी बॅनर आणि फाइलींच्या आधी बुडालेली मजुरी, प्रवासखर्च आणि पाळणाघर हे तीन आकडे लिहावेत. बॅनर नसला तरी चालेल.